विसावा हिस्सा कशाचा? विक्रीचा की नफ्याचा?

आपल्या समाजाच्या घरांत धंदा हा शब्द फार उशिरा आला. गोदी, रेल्वे, गिरणी, नगरपालिका आणि पुढे आरक्षणाने मिळालेली सरकारी कचेरीतली खुर्ची, ही आपल्या बापजाद्यांची मिळकतीची ठिकाणे. १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या एकेक करून मिटल्या, सरकारी भरती आटत गेली, कायम कामगाराच्या जागी कंत्राटी माणूस आला, तेव्हा पोरांनी हातपाय मारायला सुरुवात केली. कोणी साफसफाईचे कंत्राट घेतले, कोणी लग्नाच्या जेवणाची ऑर्डर धरू लागला, कोणी मंडप-डेकोरेशनमध्ये शिरला. बायांनी मसाले कुटले, डबे दिले, शिलाईची मशीन घेतली. आज कुठल्याही वस्तीत विहाराच्या आसपास अशी पाच-दहा घरे सापडतात, जिथे एक तारखेची वाट पाहिली जात नाही. उलट एक तारीख आली की त्यांच्या पोटात गोळा येतो, कारण आता पगार घ्यायचा नसतो, द्यायचा असतो.

अशा मंडळींना समाज दोन्ही बाजूंनी धरतो. एकीकडे "हा आता शेठ झाला, चळवळ विसरला" अशी कुजबुज. दुसरीकडे चौदा एप्रिलची वर्गणी, सहा डिसेंबरला येणाऱ्या बांधवांच्या जेवणाची सोय, विहाराच्या स्लॅबचे सिमेंट, गरीब विद्यार्थ्याची फी. "धंदा चालतो ना? मग पाच हजार लिहा!" पावतीपुस्तक पुढे करणाऱ्या कार्यकर्त्यांत मीही असतो, त्यामुळे दोष एकट्या दुसऱ्याचा नाही. पण संध्याकाळी विहारात बसून वस्तीतल्या चार-दोन धंद्यांच्या वह्याही मी तपासून देतो. पावतीपुस्तक आणि खातेवही शेजारी ठेवली की जे दिसते, ते वाचक बंधू-भगिनींपुढे मांडावेसे वाटले.

नफा हे पाप आहे काय?

पहिला प्रश्न तत्त्वाचा. परमपूज्य बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे भाषण आपल्याला पाठ असते. त्यामुळे नफा म्हटला की आपल्यातल्या प्रामाणिक कार्यकर्त्याला कसेतरी होते.

पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी ब्राह्मणशाहीचा अर्थही फोडून सांगितला होता. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, मग ती कोणाच्याही अंगी असो. माझ्या समजुतीने तोच काटा धंद्यालाही लावावा. ज्या धंद्यात राबणाऱ्या माणसाला ही तीन तत्त्वे नाकारली जातात, त्याचा मालक जयभीमवाला असला तरी तो त्या दुसऱ्या शत्रूच्याच रांगेत उभा आहे. आणि जिथे ती नाकारली जात नाहीत, तिथे वर्षाअखेर चार पैसे उरले म्हणून लाजण्याचे कारण नाही.

बाबासाहेबांना व्यापाराचे वावडे नव्हते. ते अर्थशास्त्राचे डॉक्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये निघाला. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसायही काढला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले तसे गिऱ्हाईक तुटले आणि तो व्यवसाय बंद पडला. म्हणजे आपण धंद्यात नव्हतो ते इच्छा नव्हती म्हणून नव्हे, आपल्या हातचे कोणी घेत नव्हते म्हणून.

तथागतांनी तर गृहस्थाला धंद्याबद्दल इतके बारकाईने सांगितले आहे की आमच्या कॉमर्सच्या प्राध्यापकांनीही सांगितले नसेल. दीघजाणू नावाचा कोलीय गृहस्थ भगवंतांकडे येतो आणि सरळ सांगतो की आम्ही प्रपंचात बुडालेली माणसे आहोत, आम्हाला झेपेल असे काही सांगा. त्याला भगवंत चार गोष्टी सांगतात. कामात कष्ट आणि कौशल्य, मिळवलेल्याची राखण, चांगल्या माणसांची संगत, आणि समजीविता. समजीविता म्हणजे आवक आणि जावक यांचा मेळ. तराजू धरणाऱ्याला पारडे किती खाली गेले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आपल्या मिळकतीचे कळले पाहिजे. कमी मिळकतीवर थाटात राहणाऱ्याला तिथे उंबर खाणाऱ्याची उपमा आहे. चार फळांसाठी सगळे झाड हलवायचे आणि बाकीची मातीत घालवायची. हळदीला मोठा हॉल आणि डीजे लावणाऱ्यांनी हे सुत्त जरूर वाचावे. उलट भरपूर असून पोटाला चिमटा घेऊन जगणाऱ्यालाही भगवंतांनी सोडलेले नाही.

सिगालोवाद सुत्तात वाटणीच सांगितली आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगावा, दोन भाग कामधंद्यात घालावेत, चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. अर्धा हिस्सा पुन्हा धंद्यात! आपल्यातला नवा धंदेवाला नेमका इथेच चुकतो. पहिली मोठी ऑर्डर मिळाली की मोटारसायकल येते आणि पुढच्या ऑर्डरच्या कच्च्या मालासाठी सावकाराचे दार ठोठावे लागते. त्याच सुत्तात मालकाची कामगारांप्रती पाच कर्तव्येही आहेत. त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, विशेष गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आणि आजचा कामगार कायदा शेजारी ठेवून पाहा. कामाचे तास, किमान वेतन, ईएसआय, बोनस, रजा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, ती त्यांनीच मांडलेली.

हिशोबाची खरी गोम

धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले. नोकरदाराला हे सोपे आहे. पगार किती ते ठाऊक, त्याचे शेकडा पाच बाजूला काढले की झाले. धंदेवाल्याची मिळकत कोणती? दिवसाच्या शेवटी गल्ल्यात असते ती? आमच्या वस्तीत बहुतेकांचा समज तोच आहे आणि वर्गणी मागणाऱ्यांचाही तोच.

एक साधा हिशोब मांडू. समजा, एका ताईंचा मसाल्याचा धंदा आहे. वर्षाची विक्री १२ लाख. मिरची, धणे, खोबरे, तेल, खडा मसाला मिळून ७ लाख ८० हजार. मदतनीस बायांची मजुरी २ लाख ४० हजार. गाळ्याचे भाडे, वीज, पिशव्या, टेंपो ९० हजार. कर्जावरचे व्याज १८ हजार. एकूण खर्च ११ लाख २८ हजार. राहिले ७२ हजार. आता विक्रीचा विसावा हिस्सा ६० हजार होतो, नफ्याचा विसावा हिस्सा ३,६००. ताईंनी भावनेच्या भरात पहिला हिस्सा दिला तर त्यांच्या हातात वर्षाला १२ हजार उरतात आणि पुढच्या वर्षी मिरची घ्यायला पैसे नसतात. धंदा बसतो, चार बायांची मजुरी जाते, आणि विहाराला पुढच्या वर्षी ३,६०० सुद्धा मिळत नाहीत.

बरे, त्या १२ लाखांपैकी समजा २ लाख उधारीत अडकले आहेत. मग वहीत ७२ हजार नफा आहे, पण हातात १ लाख २८ हजारांची तूट आहे. विक्री, नफा आणि रोकड ही तीन वेगळी भावंडे आहेत, चेहरे सारखे असले तरी. ज्याला हे उमगले नाही त्याचा धंदा वाढतो तेव्हाच मरतो. लहान असताना तो रोखीवर चालतो. मोठी ऑर्डर आली की माल आज घ्यावा लागतो, मजुरी शनिवारी द्यावी लागते आणि बिल तीन महिन्यांनी मिळते.

समाजासाठी काही करायचे म्हणजे नफा झाल्यावर त्यातून द्यायचे, ही आपली रूढ कल्पना मला अपुरी वाटते. सर्वांत मोठे सामाजिक काम नफ्याच्या ओळीच्या वर, खर्चाच्या ओळींत असते. साफसफाईच्या कंत्राटाचे उदाहरण घेऊ, कारण त्यात राबणारी माणसे आपलीच असतात. हिशोबाच्या सोयीसाठी एका कामगाराचा पगार महिना १२ हजार धरू. मालकाचा पीएफचा हिस्सा १२ टक्क्यांनी १,४४०. ईएसआयचा सव्वातीन टक्क्यांनी ३९०. बोनस ८.३३ टक्क्यांनी सुमारे १,०००. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांच्या हिशोबाने महिना ५७७ च्या आसपास. म्हणजे पगारावर ३,४०७ आणि किरकोळ शुल्क वेगळे. माणूस १२ हजारांना पडत नाही, १५ हजार ४०० ला पडतो. वीस माणसांचे महिन्याला ६८ हजार होतात.

जो कंत्राटदार माणशी १३ हजारांचा भाव टाकून काम पळवतो, तो हुशार असतो असे नाही. त्याने वीस माणसांचे म्हातारपण आणि आजारपण परस्पर विकलेले असते. असा कंत्राटदार चौदा एप्रिलला मोठी कमान उभारतो, स्टेजवर त्याचा सत्कार होतो आणि ज्याच्या पीएफमधून ती कमान उभी राहिली तो कामगार खाली खुर्च्या लावत असतो. ते पाहून हार घालणाऱ्या हातांचा राग येतो. आपल्या मंडळांनी देणगी घेण्याआधी पीएफची पावती मागायला सुरुवात केली तर चळवळीचे फार भले होईल.

सात बाया आणि ऐंशी रुपये

यावर धंदेवाले विचारतात, "साहेब, सगळे कायद्याने केले तर भाव वाढतो. मग गिऱ्हाईक का घेईल?" प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर भाषणात मिळत नाही, चाललेल्या धंद्यातच शोधावे लागते. आपल्या मुंबईतच असा एक धंदा आहे आणि त्याचे पापड आपण सगळ्यांनी खाल्ले आहेत.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. सर्व्हन्ट्स ऑफ इंडिया सोसायटीचे छगनलाल करमशी पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी ते दिले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. छगनबाप्पांनी त्यांना दोन-तीन गोष्टी अशा शिकवल्या की एखाद्या मॅनेजमेंट कॉलेजने त्यावर वर्ग घ्यावेत. पहिली, हिशोब चोख ठेवायचा, अगदी पहिल्या दिवसापासून. दुसरी, सुरुवातीला बाया दोन प्रतीचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. बाप्पा म्हणाले, एकच करा आणि त्याची प्रत कधी घसरू देऊ नका. तिसरा निर्णय बायांचा स्वतःचा. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही.

देणगी न घेण्याचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. देणगीवर चालणाऱ्या उद्योगाला आपला पापड महाग का पडतो हे कधी कळतच नाही, कारण तूट दुसरा कोणी भरतो. त्या बायांना ते कळले. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेना म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला, खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती.

१९६६ मध्ये श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था नोंदली गेली. त्याच वर्षी खादी ग्रामोद्योग आयोगाने मान्यता दिली आणि आठ लाखांचे खेळते भांडवल मिळाले. सात वर्षांच्या वह्या दाखवता आल्या म्हणून हे झाले, असे माझे मत. आज बचत गटांना बँक कर्ज देत नाही अशी तक्रार असते. पुष्कळदा ती खरीही असते. पण वही मागितल्यावर एकमेकींकडे पाहणारे गटही मी पाहिले आहेत.

संस्थेची रीत अशी. सकाळी शाखेत पीठ मळून तयार असते. बाया आदल्या दिवशी लाटलेले पापड आणतात. ते तपासले जातात, वजन होते, लाटणावळ मिळते आणि नवे पीठ घेऊन त्या घरी जातात. ज्यांच्या घरी लाटायला, वाळवायला जागा नाही, त्यांना मळण्याचे, पाकिटे भरण्याचे काम. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांना या सोयीचा अर्थ सांगायला नको. काम करणारी प्रत्येक बाई सहमालक समजली जाते आणि तिला बहेन म्हणतात. शाखेचा नफा शाखेतल्या बहिणींत सारखा वाटला जातो. नवी असो की जुनी, वाटा सारखाच. तोटा झाला तर तोही शाखेच्याच अंगावर. पापड लाटण्याचे काम त्यांनी आजवर हातानेच ठेवले. यंत्राने माल जास्त निघेल, पण मग ही संस्था ज्यांच्यासाठी काढली त्या बाया कुठे जातील?

२०२१ च्या सुमारास संस्थेच्या बहिणींची संख्या ४५ हजारांच्या घरात होती. त्याच वर्षी त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली. गच्चीवर बसल्यापासून बासष्ट वर्षांनी!

लिज्जतचेही सगळेच काही जमले नाही. काडेपेटी, अगरबत्ती, चामड्याच्या वस्तू असे उद्योग काढून पाहिले, ते टिकले नाहीत आणि बंद केले. कपडे धुण्याची पावडर मात्र चालली. न चालणारे काम वेळेत बंद करणे हीसुद्धा राबणाऱ्यांची काळजीच आहे, कारण एका शाखेचे नुकसान दुसरीच्या लाटण्यातून भरून काढावे लागते. शिवाय एक शंका माझ्या मनात राहतेच. किलोवर मजुरी घेऊन घरी काम करणारी बाई सहमालक म्हणून मान मिळवते हे खरे, पण कारखान्यातल्या कामगाराला जशी म्हातारपणाची कायदेशीर हमी असते तशी घरकामगार बाईला कुठून मिळणार? हा प्रश्न एका संस्थेचा नाही. विडी, शिलाई, राखी, बिंदीची पाने, सगळ्या घरबसल्या कामांचा आहे आणि आपल्या महिला मंडळांनी तो लावून धरला पाहिजे.

पण गिऱ्हाईक का घेईल, याचे उत्तर इथे मिळते. लोक तो पापड बायांची कीव येऊन घेत नाहीत. तो दर वेळी सारखाच लागतो म्हणून घेतात. बाईच्या लाटणावळीचा पैसा त्या सारखेपणातून येतो.

कुर्ल्याचा कारखाना

दुसरी गोष्ट कुर्ल्याची, जिथे आपली फार मोठी वस्ती आहे. कमानी ट्यूब्ज हा तांब्या-पितळेच्या नळ्यांचा कारखाना मालक घराण्यातल्या भांडणात १९८५ ला बंद पडला. कामगारांनी हार मानली नाही. आम्हीच चालवतो म्हणाले, आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांनी कारखाना ताब्यात घेण्याच्या योजनेला मान्यता दिली. त्या वेळी देशभर त्याचे कौतुक झाले. कामगारच मालक! आपल्यासारख्यांना तर ते स्वप्नच खरे झाल्यासारखे वाटले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत कारखाना पुन्हा संकटात आला. मन चांगले होते, हात कुशल होते. पण तांबे हा महागडा कच्चा माल. तो घ्यायला हातात सतत मोठी रक्कम खेळती लागते. कर्ज आणि व्याज फुगत गेले आणि शेवटी सुमारे ११६ कोटींचा बोजा झाला. मालकी बदलली म्हणून व्याज थांबत नाही.

मग कामगार कल्पनाताई सरोज यांच्याकडे गेले. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याची ही आपली लेक. लहानपणी लग्न, सासरचा छळ, मुंबईत होजिअरीच्या कारखान्यात दोन रुपये रोजाने काम, मग शिलाई, मग फर्निचर. त्यांनी आधी कारखान्याचे देणे समजून घेतले. बँकांशी बोलून दंडव्याज माफ करून घेतले, कर्जाची फेड बसवली, आणि २००६ मध्ये कारखाना त्यांच्या हाती आला. कामगारांची थकलेली देणी दिली. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या सभांत त्यांच्या बालपणाची कहाणी सांगतात, आणि ती सांगावीच. पण व्याजमाफीच्या वाटाघाटीचे ते कोरडे काम पोरांना कोणी सांगत नाही. सहाशे घरांच्या चुली तिथे पेटल्या, त्या भाषणाने पेटल्या नव्हत्या.

लिज्जत आणि कमानी या दोन गोष्टी मी शेजारी का ठेवतो? कामगारांचा कारखाना लिज्जतपेक्षा तत्त्वाने कमी नव्हता. फरक भांडवलाचा होता. उडदाचे पीठ थोडे घेता येते, पापड आठवड्यात विकला जातो, पैसा लवकर फिरतो. तांब्याचे तसे नाही. म्हणून आपल्या तरुणांना माझे सांगणे असते की सुरुवात अशा धंद्यात करा, ज्यात पैसा लवकर परत येतो. उद्योगाची हौस मोठी असली तरी पहिली तीन वर्षे छोटे राहा.

सरकारी कामे घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणाप्रमाणे केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या खरेदीतला ४ टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून घ्यायचा असतो. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती फुकट होते, एजंटला हजार रुपये देऊ नका. आणि २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते, नाहीतर व्याज लागते, तेही रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट. मोठ्या कंपनीशी भांडायला भीती वाटते हे मला समजते. पण बिलावर उद्यम क्रमांक छापायला तर कोणाची परवानगी लागत नाही.

बौद्ध माणसाने कुठला धंदा करू नये, हेही भगवंतांनी सांगितले आहे. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. मांसाबद्दल आपल्यात वाद होतील, ते मी धम्मबांधवांवर सोपवतो. पण वस्तीत देशी दारूचा गुत्ता चालवून त्याच पैशातून बुद्धमूर्ती बसवणाऱ्यांबद्दल वाद असायला नको. गुटखा मी विषातच धरतो.

घरातली बिनपगारी कामगार

आता त्या मसाल्याच्या ७२ हजारांकडे पुन्हा येऊ. सिगालोवादाप्रमाणे त्याचे चार भाग केले तर घरखर्चाला १८ हजार येतात, वर्षाला. एवढ्यात कोणाचे घर चालेल? कोणाचेच नाही. हिशोबात कुठेतरी एक ओळ राहून गेली आहे.

ती ओळ स्वतः ताईंची आहे. पहाटे चारला उठून मिरच्या निवडणारी, दुपारी गाळ्यावर उभी राहणारी, रात्री लेबल चिकटवणारी ही बाई मजुरीच्या २ लाख ४० हजारांत नाही. तिची सासू खोबरे किसते, तीही नाही. शाळेतून आल्यावर पिशव्या भरणारी मुलगी तर मुळीच नाही, आणि तिचा अभ्यास बुडतो ते नुकसान कुठल्याच खात्यात लिहिले जात नाही. नवऱ्याच्या नावावर असलेल्या धंद्यात हे सर्रास चालते. तो सांगतो, "साहेब, मजुरीचा खर्चच नाही, घरचेच करतात." त्याच्या नफ्याची वही मी पाहतो तेव्हा तो नफा म्हणजे बायकोची न दिलेली मजुरी असते.

म्हणून मी वह्या पाहतो त्या घरांत आता अशी पद्धत घातली आहे. घरातला जो माणूस धंद्यात चार तासांपेक्षा जास्त काम करतो, त्याची मजुरी बाहेरच्या बाईच्याच दराने लिहायची आणि ती त्याच्याच नावाच्या बँकखात्यात भरायची. शाळकरी मुलांना धंद्यात बसवायचे नाही. सुरुवातीला नवरे कुरकुरतात, कारण असे केले की बहुतेकांचा नफा कागदावर शून्यावर येतो. काहींचा तोट्यात जातो. मग भाव वाढवावा लागतो, नाहीतर मालातली नासाडी कमी करावी लागते, नाहीतर उधारीवाला एक गिऱ्हाईक तोडावा लागतो. एका घरात त्यासाठी सहा महिने भांडण चालले. शेवटी मसाल्याच्या पाव किलोच्या पाकिटामागे चार रुपये वाढवले. तीन दुकानदारांनी माल घेणे सोडले, बाकीच्यांनी घेतला.

त्या घरच्या बाईने पहिल्या तीन महिन्यांच्या मजुरीतून स्वतःच्या नावावर पोस्टात खाते उघडले. वर्षाअखेर नफा आला तो पूर्वीपेक्षा बराच कमी होता, पण या वेळी त्याचा विसावा हिस्सा काढताना कोणाला विचारावे लागले नाही. ८५० रुपये होते. विहाराच्या पावतीपुस्तकात ते तिच्या नावाने लिहिले आहेत.